बाळंभटदादा देवधर

बाळंभटदादा देवधर (इ.स. १७८० – इ.स. १८५२) हे उत्तर पेशवाईतील मल्लविद्येचे गुरू होते. दुसरे बाजीराव पेशवे यांच्या आश्रयाने त्यांनी मल्लखांब या व्यायामप्रकाराला शिस्तबद्ध रूप दिले. आज महाराष्ट्रात आणि महाराष्ट्राबाहेर शिकवल्या जाणाऱ्या मल्लखांबाची गुरुपरंपरा त्यांच्यापासून मोजली जाते. लोकमानसात ते मल्लखांबाचे जनक म्हणून ओळखले जातात. मात्र खांबावरील व्यायामाचे उल्लेख त्यांच्या बऱ्याच आधीच्या ग्रंथांत आढळत असल्यामुळे त्यांना या विद्येचे पुनरुज्जीवक म्हणणे अधिक योग्य ठरते. नाशिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी वसलेले कोठुरे हे त्यांचे गाव.

नाव

त्यांचे नाव बाळंभट, बाळंभट्ट आणि बाळभट असे तीन प्रकारे लिहिलेले आढळते. ‘भट्ट’ हे विद्वान ब्राह्मणाच्या नावापुढे लावले जाणारे संस्कृत पद आहे. मराठीत त्यातील जोडाक्षर सुटून ‘भट’ झाले, आणि कोंडभट, विष्णुभट अशा नावांप्रमाणे ‘बाळंभट’ हे घरगुती वळणाचे नाव तयार झाले. ‘दादा’ हा त्यांच्या शिष्यवर्गाने आदराने जोडलेला शब्द असून पुढे तो नावाचाच भाग झाला. देवधर हे आडनाव रोमन लिपीतून पुन्हा देवनागरीत येताना कधीकधी ‘देओधर’ होते. ते अर्थातच चुकीचे आहे.

येथे एका गोंधळाचा उल्लेख आवश्यक आहे. धर्मशास्त्राच्या अभ्यासकांना परिचित असलेला ‘बाळंभट्टी’ हा मिताक्षरेवरील टीकाग्रंथ ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते काशीतील बाळंभट्ट पायगुंडे हे निराळे गृहस्थ होत. दोघांच्या काळात फारसे अंतर नाही आणि दोघांच्याही चरित्रात काशी येते, म्हणून केवळ नावावरून संदर्भ शोधणाऱ्याची फसगत होऊ शकते. एकाची कीर्ती पोथीवर उभी आहे, तर दुसऱ्याची खांबावर.

कोठुरे आणि परिसर

बाळंभटांचे जन्मवर्ष सामान्यतः इ.स. १७८० मानले जाते. त्या काळी गोदावरीच्या या पट्ट्याचा पेशवे घराण्याशी निकटचा संबंध होता. रघुनाथराव पेशव्यांचे अखेरचे दिवस कोपरगावी गेले आणि इ.स. १७८३ मध्ये ते तेथेच वारले. त्यांच्या मागे आनंदीबाई आणि मुले पुणे दरबाराच्या नजरकैदेत होती. काही काळ कोपरगावी, नंतर नाशिकजवळ आनंदवल्ली येथे आणि पुढे मुलांना जुन्नरच्या शिवनेरीवर असे त्यांचे मुक्काम बदलले. या मुलांतील एक बाजीराव. त्याचा जन्म इ.स. १७७५ चा, म्हणजे तो बाळंभटांहून सुमारे पाच वर्षांनी मोठा होता. पुढे पेशवा आणि त्याचा वस्ताद म्हणून ज्यांचा संबंध आला त्या दोघांचेही बालपण अशा रीतीने गोदाकाठीच गेले, हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. त्यावरून त्यांची बालपणापासून ओळख होती असे अनुमान मात्र काढू नये.

ब्राह्मण कुटुंबातील मुलाने वेदपाठाबरोबर तालमीतही जावे यात त्या काळी नवल नव्हते. पेशवाईतील अनेक ब्राह्मण घराणी लढाईच्या धंद्यात होती, आणि जोर, बैठका, नमस्कार यांचा परिपाठ वाड्यांतून चालत असे. पुण्यात तर पेठापेठांतून तालमी होत्या. नगरकर तालीम, चिंचेची तालीम, गुलशे तालीम ही नावे पुणेकरांच्या आजही तोंडी आहेत. बाळंभट पुण्यास आले ते अशा वातावरणात.

पुणे दरबार आणि आव्हानाची कथा

डिसेंबर १७९६ मध्ये दुसरे बाजीराव पेशवेपदावर आले. इतिहासाने त्यांना चांगले गुण दिलेले नाहीत. वसईच्या तहाने (३१ डिसेंबर १८०२) त्यांनी आपले स्वातंत्र्य इंग्रजांच्या हाती दिले, हा त्यांच्यावरील सर्वांत मोठा आक्षेप आहे आणि तो खोडून काढता येत नाही. तरीही त्यांना व्यायामाची मनापासून आवड होती आणि मल्लांना त्यांनी उदार आश्रय दिला, ही त्यांच्या स्वभावाची दुसरी बाजू व्यायामक्षेत्रातील परंपरेने जपली आहे. त्याच आश्रयाखाली बाळंभटांचा उदय झाला.

बाळंभटांच्या चरित्रातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग हैदराबादच्या मल्लांचा आहे. परंपरेने सांगितली जाणारी हकिकत अशी. निजामाच्या पदरी असलेले अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान अनेक ठिकाणच्या मल्लांना चीत करून पुण्यास आले. त्यांनी पेशव्यांच्या दरबारात कुस्तीचे आव्हान दिले. आव्हान कोणी स्वीकारणार नसेल तर पुण्याने हार मानल्याचे लिहून द्यावे, अशी त्यांची मागणी होती. त्यांची धिप्पाड शरीरे पाहून दरबारातील नाणावलेले मल्ल मागे सरले. तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी पुढे येऊन आव्हान स्वीकारले आणि तयारीसाठी काही दिवसांची मुदत मागून घेतली.

मुदत मिळताच ते पुण्यातील एखाद्या तालमीत गेले नाहीत. ते आपल्या मुलखात परतले आणि वणीच्या सप्तशृंगी गडावर देवीची उपासना करू लागले. तेथे त्यांना मारुतीचा दृष्टान्त झाला. मारुतीने लाकडी खांबावर चढून, अंगाला पीळ देऊन, पायांची पकड घालून कुस्तीचे डाव करून दाखवले. काही ठिकाणी ही कथा थोडी वेगळी सांगतात. तीत दृष्टान्ताऐवजी प्रत्यक्ष वानर येतो आणि खांबावर खेळून दाखवतो. बाळंभटांनी ते डाव आत्मसात केले, पुण्यास परतून गुलाबाला चीत केले आणि तो प्रकार पाहून अलीने लढण्याचा विचार सोडला, असा या कथेचा शेवट आहे.

ही कथा दरबारी दफ्तरातली नसून तालमीतली आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी लागते. तिच्यातील प्रत्येक धागा मात्र खऱ्या परिसरातून आलेला दिसतो. सप्तशृंगी हे साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ. ते नाशिक जिल्ह्यात असून कोठुऱ्याच्या माणसाने संकटात त्या गडाकडे वळावे हे स्वाभाविक आहे. मारुती ही तर प्रत्येक तालमीची देवता. शिवाय त्र्यंबकेश्वरजवळचा अंजनेरी डोंगर हे त्याचे जन्मस्थान अशी नाशिककरांची श्रद्धा आहे. प्रतिस्पर्धी निजामाकडचे असण्यालाही कारण आहे. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला होता. रणांगणावरची ती चढाओढ लोकांच्या स्मरणात ताजी असताना आखाड्यातला शत्रूही हैदराबादहून यावा, हे कथेच्या वळणाला धरूनच आहे.

दृष्टान्ताचा भाग श्रद्धेवर सोडून दिला तरी कथेचा गाभा व्यायामशास्त्राच्या दृष्टीने अर्थपूर्ण राहतो. वजनाने आणि उंचीने कमी असलेल्या मल्लाला भारी मल्लाशी लढायचे असेल तर चपळता, पकड आणि पाठीच्या कण्याची लवचिकता हीच त्याची शस्त्रे असतात. या तिन्ही गोष्टी खांबावरच्या सरावाने वाढतात. बाळंभटांनी नेमक्या किती दिवसांत काय साधले याचा काथ्याकूट करण्यापेक्षा त्यांनी शक्तीविरुद्ध चापल्य उभे केले, हे या कथेला सांगायचे आहे.

जनक की पुनरुज्जीवक

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लांनी करावयाचे व्यायाम सांगताना त्यात वजनाच्या साहाय्याने करावयाचा भारश्रम, चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम यांच्याबरोबर स्तंभश्रमाचाही उल्लेख येतो. हा स्तंभश्रम म्हणजे जमिनीत रोवलेल्या खांबाला हातापायांनी विळखे घालून करावयाचा व्यायाम होय. गुजरातेतील ज्येष्ठीमल्ल ज्ञातीशी संबंधित असलेल्या ‘मल्लपुराण’ या ग्रंथातही स्तंभावरील श्रमाची नोंद आहे. म्हणजे बाळंभटांच्या जन्माच्या साडेसहाशे वर्षे आधी ही कल्पना दख्खनच्या दरबारात परिचित होती.

यावरून बाळंभटांचे श्रेय कमी होते असे समजण्याचे कारण नाही. मानसोल्लासातील स्तंभश्रम हा मल्लाच्या दिनक्रमातील अनेक व्यायामांपैकी एक आहे. बाळंभटांच्या परंपरेतून आलेला मल्लखांब हा स्वतंत्र शास्त्र म्हणता येईल इतका विस्तारलेला आहे. त्यात डावांची कुळे आहेत, प्रत्येक कुळात सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम आहे, आणि प्रत्येक डावाला स्वतःचे नाव आहे. एखादी गोष्ट प्रथम करणारा आणि ती दुसऱ्याला शिकवता येईल अशी करणारा या दोघांत फरक असतो. बाळंभट हे दुसऱ्या प्रकारचे पुरुष होते.

‘मल्लखांब’ शब्दाचा अर्थ

‘मल्लखांब’ हा सामासिक शब्द आहे. त्यातील ‘मल्ल’ हे पद संस्कृतातून जसेच्या तसे मराठीत आले आहे. कुस्ती करणारा, पहिलवान, असा त्याचा अर्थ. बुद्धकाळी कुशिनारा आणि पावा येथे राज्य करणाऱ्या गणाचे नावही मल्ल असेच होते.

‘खांब’ या पदाची व्युत्पत्ती अधिक रंजक आहे. पुष्कळांना तो ‘स्तंभ’ या शब्दाचा अपभ्रंश वाटतो. परंतु संस्कृतातील आरंभीच्या ‘स्त’चा प्राकृतात सामान्यतः ‘थ’ होतो आणि ‘स्क’चा ‘ख’ होतो. ‘स्तन’पासून थन आणि ‘स्कंध’पासून खांदा हे शब्द याच नियमाने आले. वैदिक भाषेत ‘स्तंभ’ या अर्थाचा ‘स्कंभ’ असा शब्द आहे. अथर्ववेदात या स्कंभाला विश्वाचा आधार म्हणून गौरवणारे सूक्तही आहे. भाषाशास्त्रज्ञ ‘खांब’ हा शब्द या ‘स्कंभा’शी जोडतात. जैन आचार्य हेमचंद्र यांनी आपल्या प्राकृत व्याकरणात ‘स्तंभ’ शब्दाची ‘खंभ’ आणि ‘थंभ’ अशी दोन्ही रूपे नोंदवली आहेत, म्हणजे ही अडचण जुन्या वैयाकरणांनाही जाणवली होती. मराठीने दोन्ही धागे जपले आहेत. उभ्या लाकडाला आपण ‘खांब’ म्हणतो आणि ‘स्तंभ्’ धातूकडून आलेले ‘थांबणे’ हे क्रियापद वापरतो.

समासाचा विग्रह दोन प्रकारे होतो. मल्लासाठी असलेला खांब, असा विग्रह केला तर तो मल्लाच्या सरावाचे साधन ठरतो. खांब हाच मल्ल, असा केला तर तो प्रतिस्पर्धी ठरतो. व्याकरणदृष्ट्या पहिला विग्रह सरळ आहे, आणि पुस्तकांतून तोच दिलेला असतो. आखाड्यातील व्यवहार मात्र दुसऱ्याला दुजोरा देतो. खांबाच्या भागांना अंग, मान अशी माणसाच्या शरीराची नावे आहेत. मानेवर जो गोलसर शेंडा असतो त्याला बोंड म्हणतात, परंतु त्याची जागा डोक्याचीच आहे. खांबाला मिठी घालणे, त्याच्या मानेला काखेत पकडणे, मांड्यांनी आवळणे या सर्व क्रिया जोडीदाराशी खेळताना जशा कराव्या तशाच आहेत. ज्या मल्लाला सरावासाठी तोडीचा जोडीदार मिळत नाही त्याला कधीही न दमणारा, कधीही न रागावणारा जोडीदार बाळंभटांनी उभा करून दिला, असे म्हटले तर ते अलंकारिक होणार नाही.

शब्दाचे लेखन

या शब्दाची मल्लखांब, मलखांब, मल्लखंब, मलखंब आणि मलखम अशी पाच रूपे छापील मजकुरात आढळतात. त्यांतील ‘मल्लखांब’ हे मराठीतील ग्रांथिक रूप आहे. ‘मलखांब’ हे बोलीतील रूप असून तेही अशुद्ध मानण्याचे कारण नाही. जोडाक्षर सुटे होणे ही मराठीची सहज प्रवृत्ती आहे, आणि तालमीतल्या माणसाच्या तोंडी हेच रूप अधिक ऐकू येते. ‘मलखम’ हे हिंदी प्रदेशातील बोलण्याचे वळण आहे.

‘मल्लखंब’ या रूपाची गोष्ट निराळी आहे. रोमन लिपीत लिहिताना ‘ख’ आणि ‘खा’ यांतील फरक साध्या अक्षरांनी दाखवता येत नाही. हा शब्द क्रीडा संघटनांच्या कागदपत्रांतून रोमन लिपीत देशभर गेला आणि तेथून देवनागरीत परतताना त्याचा काना गळाला. हिंदीत ‘खंभा’ हा शब्द असल्यामुळे तिकडे ते रूप खटकले नाही. मराठीत मात्र ‘खंब’ असा शब्दच नाही. म्हणून मराठी मजकुरात ‘मल्लखंब’ लिहिणे टाळावे. अनुस्वाराचा उच्चार पुढील ‘ब’मुळे ‘म्’ असा होतो, परंतु ‘खाम्ब’ असे लिहिण्याची मराठीत पद्धत नाही.

परक्या लिपीतून फिरून आलेल्या शब्दांचे असे हाल केवळ मराठीतच होतात असे नाही. जपानी कुस्तीच्या जुन्या प्रकाराचे नाव जपानीत ‘जुजुत्सु’ असे आहे. ‘जु’ म्हणजे मृदुता किंवा लवचिकपणा आणि ‘जुत्सु’ म्हणजे कला. युरोपीय लोकांनी ते पूर्वी जसे ऐकले तसे लिहिले, त्यातून ‘जित्सू’ हे रूप रूढ झाले आणि जपानी उच्चाराला धरून लेखन ठरल्यानंतरही ते टिकून राहिले. त्याच विद्येला कानो जिगोरो यांनी इ.स. १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही संस्था काढून नवे रूप दिले आणि ‘जुत्सु’ऐवजी मार्ग या अर्थाचे ‘दो’ हे पद स्वीकारून तिला ‘जुदो’ म्हटले. मराठीत त्याचे जुदो, ज्यूदो आणि ज्युडो असे तीन अवतार आहेत. यांतील ‘डो’ हा इंग्रजीमार्फत आलेला आहे; जपानी उच्चार ‘द’ला जवळचा आहे. कानो यांचा जन्म इ.स. १८६० चा, म्हणजे बाळंभटांच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी झालेला. दोघांनीही बलाढ्य देहावर चापल्याने मात करणारी जुनी विद्या शिकवण्याजोग्या क्रमात बसवली. फरक एवढाच की कानो यांनी नावही विचारपूर्वक निवडले आणि त्यामागची भूमिका लिहून ठेवली. मल्लखांबाचे नाव आखाड्याच्या मातीतून आले.

साधन आणि पद्धती

पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असतो. जमिनीवर तो सुमारे अडीच मीटर उंच असून बुंध्याशी जाड आणि वर निमुळता होत जातो. त्याला एरंडेल तेल लावतात. तेलामुळे अंग सोलवटत नाही, पण पकडही सुटू पाहते. ती सुटू न देणे हाच तर अभ्यास. टांगता मल्लखांब साखळीने आणि आकड्याने वर टांगलेला, आखूड असतो. तो गोल फिरतो आणि झोके खातो, त्यामुळे त्यावर तोल सांभाळणे अवघड जाते. तिसरा प्रकार वेताचा. लांब आणि चिवट वेत मिळेनासे झाल्यावर त्याची जागा दोरीने घेतली, आणि आता दोरीचा मल्लखांब हेच नाव रूढ आहे.

डावांची नावे मराठी शब्दसंपत्तीचा एक दुर्लक्षित साठा आहेत. उड्या, अढ्या, तेढ्या, बगल्या, दसरंग, फिरक्या, वेल, सुईदोरा, ताजवे, फरारे, झाप, सलाम्या ही त्यांतील काही. पायांची कात्री खांबाभोवती घालून अंग उलटे फिरवणे म्हणजे अढी. सुईतून दोरा ओवावा तसे आपल्याच हातांच्या कड्यातून शरीर ओवून बाहेर काढणे म्हणजे सुईदोरा. झाडावर वेल चढावी तसे पीळ घेत वर जाणे म्हणजे वेल. ‘ताजवा’ हा तराजूला मराठीत असलेला शब्द; या डावात शरीराचा तोल दोन्हीकडे सारखा धरायचा असतो. शिंप्याची सुई, वाण्याचा तराजू, मळ्यातली वेल अशा रोजच्या पाहण्यातील वस्तूंवरून ही नावे पडली आहेत. शास्त्राची परिभाषा संस्कृतातच असावी असा आग्रह धरणाऱ्यांनी ती एकदा वाचावीत.

ब्रह्मावर्त

३ जून १८१८ रोजी बाजीराव जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. आठ लाख रुपयांच्या वार्षिक नेमणुकीवर त्यांनी दक्षिण सोडली आणि कानपूरजवळ गंगाकाठी ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे उर्वरित आयुष्य काढले. त्यांच्याबरोबर आश्रित, कारकून, भिक्षुक, शिलेदार असा मोठा परिवार उत्तरेत गेला. त्यांत बाळंभटही होते. चाळिशीकडे झुकलेल्या वस्तादासाठी हे स्थलांतर सोपे नसावे. पुण्यातील दरबार संपला होता, कुस्तीचे फड लावणारे सरदार पांगले होते, आणि पेशव्यांच्या हाती आता राज्य नव्हते, केवळ नेमणूक होती.

विद्येच्या दृष्टीने मात्र हा काळ फलदायी ठरला. ब्रह्मावर्तात मराठी कुटुंबांची वसाहत वाढली आणि तिच्यातील मुले बाळंभटांच्या आखाड्यात येऊ लागली. नानासाहेब पेशवे, तात्या टोपे आणि पुढे झाशीची राणी झालेल्या लक्ष्मीबाई हे त्यांचे शिष्य होते, अशी परंपरा आहे. नानासाहेबांना बाजीरावांनी इ.स. १८२७ मध्ये दत्तक घेतले. तात्या टोपे यांचा जन्म इ.स. १८१४ मध्ये येवले येथे झाला. येवले निफाडला लागूनच असल्याने गुरुशिष्य एकाच मुलखाचे होते. लक्ष्मीबाईंचे वडील मोरोपंत तांबे हे चिमाजी आप्पांच्या पदरी काशीस होते. आप्पांच्या निधनानंतर ते मुलीसह ब्रह्मावर्तास आले. इ.स. १८४२ मध्ये तिचा झाशीच्या गंगाधररावांशी विवाह झाला, म्हणजे ती ब्रह्मावर्तात होती तो काळ बाळंभटांच्या पन्नाशी-साठीचा येतो. ही कालगणना परंपरेला बाधक नाही. मनूने मल्लखांबाचे धडे घेतले ही समजूत महाराष्ट्रात इतकी दृढ आहे की मुलींना मल्लखांब शिकवण्याचा प्रश्न पुढे जेव्हा जेव्हा निघाला तेव्हा झाशीच्या राणीचे नाव पुढे केले गेले.

काशीचा आखाडा आणि शिष्यपरंपरा

बाळंभटांच्या शिष्यांत कोंडभटनाना गोडबोले यांचे स्थान सर्वांत वरचे आहे. गुरुशिष्यांनी काशीत मल्लविद्येचा आखाडा उभा केला, आणि मल्लखांबाचे दुसरे पीठ म्हणून काशीची ख्याती झाली. नारायणगुरू देवधर आणि दामोदरगुरू मोघे ही या परंपरेतील आणखी दोन ठळक नावे. काशीत तयार झालेले गुरू पुढे इतर संस्थानांत आणि शहरांत गेले, आणि उत्तरेत गेलेली विद्या फिरून महाराष्ट्रात परतली.

बाजीराव २८ जानेवारी १८५१ रोजी ब्रह्मावर्तात वारले. इंग्रजांनी त्यांची नेमणूक नानासाहेबांना चालू ठेवली नाही. पुढच्याच वर्षी, इ.स. १८५२ मध्ये, बाळंभटांचे निधन झाले. आपल्या शिष्यांनी केलेला इ.स. १८५७ चा उठाव त्यांना पाहावा लागला नाही, किंवा पाहता आला नाही. त्या उठावात इंग्रजी फौजेने ब्रह्मावर्तातील पेशव्यांचा वाडा जमीनदोस्त केला. नानासाहेब नेपाळच्या तराईत नाहीसे झाले, लक्ष्मीबाई ग्वाल्हेरजवळ रणात पडल्या, तात्या टोपे यांना १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. ही विद्या केवळ ब्रह्मावर्तातच राहिली असती तर तिचाही शेवट बहुधा तेथेच झाला असता. काशीचा आखाडा राजकारणापासून दूर होता, म्हणून ती वाचली.

नंतरचा काळ

विसाव्या शतकात मल्लखांब आखाड्यातून व्यायामशाळेत आला. बडोद्यास राजरत्न माणिकराव यांनी देशी व्यायामाला कवायतीची शिस्त लावली. त्याच शहरात दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांनी संपादित केलेल्या दहा खंडांच्या व्यायामज्ञानकोशाने तोंडी चालत आलेल्या माहितीला प्रथमच ग्रंथरूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने इ.स. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी व्यायामांची प्रात्यक्षिके दाखवली, त्यांत मल्लखांब होता. मुंबईत दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर आणि नाशिकमध्ये यशवंत व्यायामशाळा येथे मल्लखांबाचे शिक्षण चालते.

स्पर्धेचे रूप आल्यावर या विद्येचा कुस्तीशी असलेला संबंध सैल झाला. आज मल्लखांब करणारी बहुतेक मुले कुस्ती खेळत नाहीत. वेळ, अवघडपणा आणि सफाई यांवर गुण मिळतात. जुन्या वस्तादांना हा बदल रुचला नाही. परंतु कुस्तीपासून सुटा झाल्यामुळेच मल्लखांब मुलींपर्यंत मोकळेपणाने पोहोचला, हेही मान्य केले पाहिजे. दोरीच्या मल्लखांबात तर मुलींनी आपले स्वतंत्र स्थान निर्माण केले आहे.

भारतीय मल्लखांब महासंघाची स्थापना इ.स. १९८१ मध्ये झाली. मध्य प्रदेशाने इ.स. २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्याचा क्रीडाप्रकार घोषित केले, म्हणजे हा मान देण्यात कोठुऱ्याच्या बाळंभटांच्या महाराष्ट्राआधी शेजारचे राज्य पुढे आले. फेब्रुवारी २०१९ मध्ये पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर भरली. परदेशांतून आलेल्या खेळाडूंनी तेथे अढी, दसरंग, वेल ही नावे आपापल्या उच्चारांत म्हणत डाव करून दाखवले.